मामांनी मोजलेला मोल

मित्रांनो, मी मुठीत मावणारा, पोलादी पाठीचा एक जुना टिकटिक्या आहे. माझं खरं नाव पाठीवर कोरलेलं होतं, पण ते तळहाताच्या घामाने पुसून गेलं, तेव्हा मुलांनी ठेवलेलं नावच आता माझं. एका बाजूला बोट अडकवायची कडी, वर अंगठ्याने दाबायचं बटण आणि काचेआड चार आकडे, एवढाच माझा देह. बटण दाबलं की टिक् असा आवाज होतो आणि आकडा एकाने वाढतो. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव झाले की पुढच्या टिकला चारही खणांत शून्य येतं. मला बेरीज येते ती फक्त एकाची, आणि वजाबाकी तर येतच नाही.

माझा जन्म एका लांब, तेलकट टेबलावर झाला. चाकं बसवणाऱ्या कारागीर बाईंनी मला कानाशी धरून शंभर वेळा दाबलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा चुकायचा नाही." ते शब्द मी फार दिवस मिरवले. पहिली नोकरी नदीच्या धक्क्यावर लागली. नावेत नव्वद माणसांच्या वर घ्यायची नाहीत, आणि ती मोजायला फाटकवाल्याच्या हातात मी. नव्वदावी टिक् झाली की तो फाटक लावून घेई, मग बाहेर कुणीही येऊन डोळे वटारो. नाव कधी बुडाली नाही. त्या कामात मी सुखी होतो, कारण त्या मोजणीला शेवट होता. पुढे नदीवर पूल झाला, नाव बंद पडली आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात एका फुटक्या दुर्बिणीशेजारी जाऊन पडलो. तिथून मला रसायनशास्त्राच्या बाईंनी उचललं.

बाई तेव्हा नव्याने नोकरीला लागलेल्या होत्या. हुशार, चटपटीत आणि सदा घाईत. अकरावीच्या वर्गात त्यांनी एका हातात मला धरलं आणि दुसऱ्या हातात एक लहानसं काचेचं भांडं. भांड्यात अठरा ग्रॅम पाणी होतं. चहाचे चार चमचेसुद्धा भरले नसते.

"डझन म्हणजे बारा," बाई म्हणाल्या. "तसाच मोल हाही एक आकडाच. सहा लिहा आणि त्याच्यापुढे तेवीस शून्यं द्या. या एवढ्याशा पाण्यात पाण्याचे तितके कण आहेत."

मुलांनी शून्यं दिली. वहीची ओळ संपत आली, पण कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तेवीस शून्यं कागदावर बोटभर जागेत मावतात, तिथेच सगळी फसगत आहे. मग एका मुलीने विचारलं, "बाई, समुद्रकाठच्या वाळूपेक्षा जास्त?"

"अगं, जगातल्या सगळ्या किनाऱ्यांवरची वाळू आणलीस तरी पासंगाला पुरायची नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मला टेबलावर ठेवलं. "घरी गणित करून आणा. हा टिकटिक्या सेकंदाला एकदा, न थांबता, न झोपता दाबत राहिलं, तर मोल मोजून व्हायला किती वर्षं लागतील?"

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. एकोणीस, आणि पुढे पंधरा शून्यं. इतकी वर्षं. पृथ्वी जन्मली तेव्हापासून आजवर जेवढा काळ गेला, तेवढा काळ बेचाळीस लाख वेळा जायला हवा. वर्ग आधी हसला आणि मग गप्प झाला. बाईंना तेच हवं होतं. त्यांनी एक नियमही केला, की प्रयोगशाळेत येताना प्रत्येकाने दहा टिक् करायच्या आणि मगच आत यायचं. म्हणजे म्हणे आकड्याची आठवण राहील. नव्याचे नऊ दिवस मुलांनी दहा-दहा टिक् केल्या. नंतर कुणी तीन करी, कुणी नुसताच तोंडाने आवाज काढून आत पळे.

मी मात्र त्या दिवशी जे ऐकलं ते विसरू शकलो नाही. ज्याचं आयुष्यच एकेक मोजण्यात जायचं, त्याला हे कळणं बरं नव्हे. मित्रांनो, तुम्ही चालायला निघालात आणि रस्ता संपणारच नाही हे पहिल्या पावलालाच कळलं, तर तुमचं काय होईल? माझं तेच झालं, आणि माझ्या हाती तर थांबणंही नव्हतं.

आता मामांबद्दल सांगतो. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले शिपाई. बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, परीक्षानळ्या धुवायच्या, मुलांनी भाजून घेतलेल्या बोटांवर गार पाणी सोडायचं आणि शुद्ध पाणी गाळायच्या यंत्राजवळ बसायचं, ही त्यांची कामं. त्या यंत्रातून पाणी थेंब थेंब येतं, त्याला तास न् तास लागतात आणि त्याच्याजवळून हलता येत नाही. मामा दहावीला तीनदा बसून तीनदा नापास झाले होते. मग सुतारकाम अर्धं शिकले, सायकलदुरुस्तीचं दुकान अर्धं चालवलं. त्यांच्या घरी मामी शाळेच्या गणवेशांना काजं करायच्या आणि सुईत दोरा ओवता ओवता नवऱ्याला टोमणेही ओवायच्या. "यांचं सगळंच अर्धवट. न्हाव्याकडे धाडलं तर अर्धी दाढी करून येतील." मामा हसायचे, पण ते हसणं गळ्याखाली उतरत नसे.

वर्गातला धडा मामांनी कधीच ऐकला नाही. धडा वर्गात व्हायचा आणि ते वरच्या मजल्यावर यंत्राजवळ. त्यांना दिसलं ते एवढंच, की बाईंनी काहीतरी मोजायला काढलंय आणि पोरं कामचुकारपणा करतायत. एके दिवशी त्यांनी बाईंना विचारलं. प्रात्यक्षिक परीक्षेचे दिवस होते, बाहेरचे परीक्षक येऊन बसले होते आणि आम्लाच्या दोन बाटल्या सापडत नव्हत्या.

"बाई, हे मोजायचं कधी पुरं होणार?"

"होईल हो, मामा!" बाई कपाट उपसता उपसता हसून म्हणाल्या. "तुम्ही रिटायर व्हायच्या आत होईल. रोज थोडं थोडं दाबत जा म्हणजे झालं."

बाई तराजूच्या टेबलापर्यंत पोचल्या तोवर हे वाक्य विसरल्यासुद्धा. मामा विसरले नाहीत. मामांना वाटलं, बाई शिकलेल्या आहेत, त्यांनी हिशेब करूनच सांगितलं असणार. त्या दुपारी यंत्राजवळच्या स्टुलावर बसून त्यांनी मला डाव्या हाताच्या बोटात अडकवलं आणि अंगठा चालू केला.

मी ओरडून सांगायला हवं होतं. पण मला टिक् सोडून दुसरं काही बोलता येत नाही, आणि मामांना ती प्रत्येक टिक् म्हणजे शाबासकी वाटायची.

रोज साधारण चार हजार. दहा हजार झाले, चार शून्यं आली, की मामा मागच्या खोलीतल्या कपाटाचं दार उघडत आणि आतल्या बाजूला पेन्सिलीने एक रेघ मारत. चार उभ्या आणि पाचवी आडवी. वर्षाला एकशेवीस रेघा. सुट्टी लागली की किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर मलाही घरी नेत. यंत्राची नळी ठिबकायची आणि मी टिकटिकायचो. "थेंबे थेंबे तळे साचे," मामा स्वतःशीच म्हणायचे. ज्याने कुणी ही म्हण केली त्याची आणि मोलची कधी गाठ पडली नसणार, असं मला वाटायचं. माझी स्प्रिंग घड्याळजीने सात वेळा बदलली. मामांच्या अंगठ्याला बदलायला काही नव्हतं. तो पेराशी सुजला, मग वाकडा झाला. मामा त्याला चिंधी बांधत आणि दाबत.

बाईंना हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्यांना तो मामांचा चाळा वाटे, कुणी पाय हलवतो, कुणी नखं खातो, तसा. आणि दरवर्षी एक दिवस त्या मला वर्गात नेत, टेबलावर ठेवत आणि तोच धडा शिकवत. एकोणीस आणि पंधरा शून्यं. मुलं हसत आणि गप्प होत. मग मी परत मामांच्या बोटात. अशी बावीस वर्षं गेली आणि बावीस वर्ग. त्या सगळ्या मुलांना उत्तर माहीत होतं. त्यांच्या परीक्षानळ्या धुणाऱ्या माणसाला ते सांगावं असं एकाच्याही मनात आलं नाही, कारण मामांना ते माहीत नसेल ही शंकाच कुणाला आली नाही.

शेवटच्या वर्षी मामांची धाकटी मुलगी अकरावीला बाईंच्याच वर्गात आली. मामांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. एका रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसली. मामी शिलाईयंत्रावर होत्या आणि मामा खिडकीत मला दाबत होते. धाकटीने गणित केलं. उत्तर आलं. तिने ते पुन्हा केलं. मग तिने वर बघून विचारलं, "बाबा, कपाटावर रेघा किती झाल्या हो?"

"दोन हजार सहाशे दहा," मामा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले.

तिने वहीच्या मागच्या पानावर काहीतरी मांडलं आणि बराच वेळ भागाकार केला. दोन कोटी एकसष्ट लाख टिक्. तेवढ्या कणांचं पाणी किती होईल? ते डोळ्यांना दिसणारं नव्हतं. भिंगातून दिसणारं नव्हतं. एका रोगजंतूच्या देहाचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढंही ते भरत नव्हतं. पोरीने ते पान फाडलं आणि त्याचे तुकडे केले.

"काय आलं उत्तर?" मामांनी विचारलं.

"खूप मोठं आलं."

"असणारच," मामा समाधानाने म्हणाले. "म्हणून तर बावीस वर्षं लागली." आणि मामींकडे वळून म्हणाले, "हे मात्र पुरं करणार हां मी. मग बोल अर्धवट म्हणून."

मामींनी शिलाईयंत्र थांबवलं. त्यांनी फक्त चिंधी बदलायला नवा कापडाचा तुकडा पुढे केला. इतक्या वर्षांत त्यांनाही त्या मोजणीचा अभिमान वाटायला लागला होता, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने बाईंना मागच्या खोलीत नेलं आणि कपाटाचं दार उघडलं. वरपासून खालपर्यंत रेघाच रेघा. बाई आधी समजल्या नाहीत. समजल्या तेव्हा त्यांनी हाताने चाचपडून स्टूल शोधलं आणि त्या बसल्या.

"तुम्ही त्यांना सांगितलं होतंत, रिटायर व्हायच्या आत होईल म्हणून," धाकटी म्हणाली. "ते आता दिवसाला सात हजार करतात. कमी पडायला नको म्हणून. अंगठा बघितलात त्यांचा?"

"अगं, मी गंमत केली असेल. मला आठवतसुद्धा नाही."

"त्यांना आठवतं."

बाईंनी एका रेघेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "आता तीन महिन्यांसाठी त्यांचं मन कशाला मोडायचं? निरोपाच्या दिवशी सांगू, झालं पुरं म्हणून. मी छान प्रमाणपत्र करून देते. आनंदात घरी जातील."

"खोटं सांगायचं?"

"कुणाचं काय जातंय त्यात?"

सोळा वर्षांची पोर ती, बाईंपुढे काय बोलणार? तिलाही ते खोटं हवंच होतं. ती मान हलवून गेली. मी टेबलावर होतो. माझ्या खणांत तेव्हा चार हजार तीनशे नऊ होते, आणि त्यातला एकही खरा नाही असं मला वाटत होतं.

निरोपाचा दिवस आला. प्रयोगशाळेतच कार्यक्रम होता. मामा इस्त्रीचा सदरा घालून आले होते, मामी पहिल्यांदाच शाळेत आल्या होत्या आणि अकरावीचा सगळा वर्ग दाटीवाटीने उभा होता. सकाळी मामांनी शेवटची रेघ मारली होती. बाईंनी त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल चार शब्द सांगितले, ते सगळे खरे होते. मग त्यांनी चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र हातात घेतलं आणि म्हणाल्या, "आणि आज मामांनी एक काम तडीस नेलं आहे. एकेक करत, बावीस वर्षांत, त्यांनी एक मोल मोजून पुरा केला."

सगळा वर्ग खदखदून हसला.

त्यांचा काही दोष नव्हता. प्रत्येकाने तीन महिन्यांपूर्वी ते गणित केलेलं होतं. त्यांना वाटलं, बाईंनी झकास विनोद केला आणि मामाही त्यात सामील आहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली. बाई तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. हे खोटं ओळखणारा सगळा वर्ग समोर उभा आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मामाही आधी हसले. मग त्यांनी एकेका चेहऱ्याकडे बघितलं, शेवटी आपल्या पोरीकडे बघितलं. ती एकटीच हसत नव्हती. मामांचं हसू तिथेच थांबलं.

मुलं गेल्यावर मामा म्हणाले, "बाई, पोरं का हसली?"

बाईंनी मग काही लपवलं नाही. त्यांनी ते लहान भांडं काढलं, त्यात अठरा ग्रॅम पाणी मापून घेतलं आणि मामांसमोर बसून सगळं सांगितलं. मामा शहाण्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. मध्ये एकदाच त्यांनी एक शंका विचारली आणि ती इतकी नेमकी होती, की तशी बावीस वर्षांत एकाही मुलाने विचारली नव्हती.

"म्हणजे पुरं झालं नाही," मामा म्हणाले.

"नाही, मामा."

"अर्धं तरी?"

"नाही."

"पाव?"

बाईंनी मान हलवली.

मामांनी भांड्याकडे बघितलं. "यातला एक थेंब तरी झाला असेल ना?"

"नाही हो, मामा."

"मग काचेला ओल लागते, तेवढी?"

"तेवढीसुद्धा नाही," बाई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मामा रडले नाहीत. ते धाकटीकडे वळले. "तुला कधी कळलं?"

"त्या रविवारी, बाबा."

"तीन महिने?" मामा म्हणाले. "रोज मला चिंधी बांधताना बघत होतीस की गं तू. सांगायचं ना. मी काय मारलं असतं तुला?"

मामांनी मला बोटातून काढलं. अंगठ्यासारखंच ते बोटही सुजलं होतं; कडी पेराशी अडकली, तेव्हा मामींनी पुढे होऊन ती फिरवत फिरवत सोडवली. मामांनी मला टेबलावर ठेवलं, प्रमाणपत्र तिथेच राहू दिलं आणि तिघं जिना उतरून गेली. मामींनी त्या दिवशी त्यांना अर्धवट म्हटलं नाही, आणि नंतरही कधी म्हटलं नाही, असं धाकटी सांगते. मामांना तेच जास्त लागलं असणार.

आता मी कपाटात असतो. दार आतून रंगवून घेतलंय, रेघा दिसत नाहीत. माझी स्प्रिंग आठव्यांदा गेली, ती बदलायला कुणी नेलं नाही. बाई अजून मोल शिकवतात, पण मला वर्गात नेत नाहीत. परवा धाकटी बाटली घ्यायला आली होती. बाईंनी विचारलं, "बाबा कसे आहेत गं?" ती म्हणाली, "बरे आहेत. जेवताना डावा अंगठा हलत असतो. आम्ही कुणी बघत नाही तिकडे."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी आपल्याला तेलपाणी करा, सांभाळून ठेवा, असं सांगायचं असतं. मला ते नको. तुम्हाला कुणी काही विचारलं, मग तो तुमच्या वर्गातला असो की तुमची भांडी धुणारा, तर त्याला हसून वाटेला लावू नका. जवळ बसवा आणि जे आहे ते सांगा. मोल फार मोठा असतो, माणसाच्या मोजण्यात मावत नाही, हे खरं. पण तो समजायला अवघड नाही. त्या दिवशी मी भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. मामांना तो समजावून द्यायला बाईंना बारा मिनिटं लागली.